दिवा बंद शे

धुळ्याच्या हेड ऑफिसात बिल आलं तेव्हा
देवरे साहेबांनी ते आधी चष्म्यातून, मग चष्म्यावरून वाचलं.
सत्तावीस हजार चारशे.
एकट्या पिंपळनेर शाखेचं, एका महिन्याचं.
"कोण बोलतंय एवढं?"

कुणीच नाही, साहेब.
दोन राउटर.
हा दर दहा सेकंदांनी विचारतो, आहेस का,
तो दर दहा सेकंदांनी म्हणतो, आहे, तू आहेस का.
एकशे वीस सेकंद कुणी बोललं नाही
तर लाइन आपोआप पडावी, असं मीच लिहिलं होतं;
पण घड्याळाला एकशे वीसपर्यंत मोजायला
कधी सवडच मिळाली नाही.
रात्री शाखेला कुलूप, वॉचमन घोंगडीत,
साक्रीच्या रस्त्यावर गाडी नाही,
आणि हे दोघं मिनिटाला पैसे मोजून
एकमेकांच्या असण्याची खात्री करत बसलेले.

शनिवारी दुपारी काउंटर बंद झाल्यावर बसलो.
कीबोर्डाशेजारी कळण्याची भाकरी, कागदात ठेचा.
एक ओळ:
डिमांड सर्किट.
म्हणजे शेजाऱ्याला एकदा नीट भेटून घ्यायचं,
आपापल्या वाटा सांगून टाकायच्या
आणि मग गप्प.
हाक मारायची ती काही नवं घडलं तरच.
एका टोकाला सांगितलं तरी पुरतं,
दुसरं टोक पहिल्याच भेटीत मान्य करतं.
(माणसांत असं होत नाही.)

तिथं वाटेच्या प्रत्येक बातमीला वय असतं,
सेकंदासेकंदानं वाढणारं.
तासाभरात ती मरते,
म्हणून दर अर्ध्या तासानं तिला पुन्हा नवी करायची.
आता तिच्या कपाळावर एक खूण:
हिला वय लावू नका.

तरी आठवडाभर लाइन उठतच राहिली.
साक्रीची तार ढिली होती. ती पडे, उठे, पडे,
आणि तिचं प्रत्येक दुखणं कळवायला
पिंपळनेरला झोपेतून उठवलं जाई.
मग साक्रीच्या भानगडी तिकडं नेणंच बंद केलं.
सांगितलं, तुला एकच वाट, धुळ्याकडची. बाकीचं आम्ही बघू.
पुढचं बिल नऊशे बारा.
देवरे साहेबांनी चहा सांगितला. अर्धा.

उत्तम भदाणेला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं.
शाखेत तोच कारकून, तोच कॅशियर,
राउटरवरची धूळ पुसणाराही तोच.
त्याला फक्त हिरवा दिवा ठाऊक.
संध्याकाळी साडेसहाला फोन:
"भाऊ, दिवा बंद शे. लाइन जित्ती शे ना?"
जित्ती शे, उत्तमराव. काम नसलं की झोपते.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
"दिवा बंद शे. बठ्ठं बराबर शे ना?"
बराबर शे.
त्याला आता कळलंय, हे मला कळत होतं.
तरी तो विचारायचा,
आणि मी, साहेबांना दिसू नये असं तोंड वळवून,
सांगायचो, आहे.

एका गुरुवारी साडेसहा वाजून गेले.
पावणेसात.
टेबल उघडून पाहिलं. पिंपळनेर जागच्या जागी,
वाट बरोबर, शेजारी हजर, बातमीला वय नाही.
मी मुद्दाम हाक मारली.
लाइन उठली नाही.
टेबलातलं एक अक्षरही हललं नाही.
सव्वासातला देवरे साहेब म्हणाले, घरी जा.

सकाळी पहिल्या एसटीनं उत्तम आला.
पांझरेच्या पुलाजवळ कुणी चर खणताना केबल तोडलेली,
फोन आणि लाइन एकाच खड्ड्यात.
कालचे व्यवहार फ्लॉपीवर, फ्लॉपी प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पिशवी शर्टाच्या आत, पोटाशी.
ती माझ्या हातात देत म्हणाला,
"भाऊ, दिवा बंद शे."

मी त्याला स्क्रीन दाखवली.
हे बघ, इथं तू अजून आहेस.
तो वाकून बराच वेळ बघत राहिला.
मग त्यानं पाणी मागितलं.